सोर्स, चिठ्ठी आणि रेफरल

(रिसाली, भिलाई इथं रविवारच्या अभ्यासवर्गात पहिल्या पिढीच्या पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



आज मी पीएचडीबद्दल बोलावं असं ठरलं होतं. विषय बदलते, त्याबद्दल आयोजकांची माफी मागते. मागच्या वेळी घरी आले तेव्हा इथल्याच एका मुलीनं मला एक प्रश्न विचारला होता. ती आज समोर बसली आहे. तिनं विचारलं, "ताई, मी कन्सल्टिंग कंपनीत अर्ज करतेय. एक जण म्हणाला, नुसता अर्ज करू नको, आधी रेफरल घे. म्हणजे सोर्सच लावायचा ना? मग आपण आयुष्यभर सोर्सवाल्यांना नावं का ठेवली?"

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. खरं कारण असं की या प्रश्नाशी माझी स्वतःची एक चूक जोडलेली आहे. ती आज सांगणार आहे. पण आधी प्रश्नाचं उत्तर.

सोर्स हा शब्द आपल्या भिलाईत सगळ्यांना माहीत आहे. नागपूरकडे वशिला म्हणतात, इथं सोर्स. कुणाचा मुलगा कामाला लागला की दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर चर्चा: सोर्स कुठला होता? आमचं घर मूळ भंडारा जिल्ह्यातलं. प्लांट उभा राहत होता तेव्हा आजोबा इकडे आले. 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 ला पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या चार वर्षांत विदर्भातून, ओडिशातून, आंध्रातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं इथं आली. इथल्या गावांतली माणसं तर होतीच, जमिनी त्यांच्याच गेल्या होत्या.

माझे बाबा नंतर प्लांटमध्ये लागले. त्यांच्याकडे एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं जुनं कार्ड अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्याशेजारी. ते कार्ड दाखवून ते आम्हाला सांगायचे, "नाव नोंदवलं, कॉल आला, परीक्षा दिली, लागलो. कोणाच्या दारात उभा राहिलो नाही." आमच्या घरात हे वाक्य म्हणजे धम्मवचनासारखं होतं. त्यामुळे रेफरल हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला जे वाटलं, तेच या मुलीला वाटलं. कुणाच्या तरी दारात उभं राहायचं.

बाबांचा अभिमान कुठून येतो हे नीट पाहू. त्यासाठी थोडं मागं, मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जावं लागेल.

गिरणीत कामगार कसा भरती व्हायचा? मालक किंवा मॅनेजर प्रत्येक कामगाराला निवडत नसे. मध्ये जॉबर असायचा. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीतला माणूस आणायचा. जॉबरच्या ओळखीवर काम मिळायचं आणि त्याच्याच मर्जीवर टिकायचं. आज कंपनीच्या भाषेत बोलायचं तर ती सगळी भरती रेफरलनं होत होती. आणि त्यातून काय झालं? आपली माणसं गिरणीत घेतली गेली, पण चांगली मजुरी असलेलं विणकाम खातं त्यांना बंद राहिलं. कारण असं दिलं जायचं की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, मग अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं कसा वापरायचा? 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढं 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी रेल्वेचंही चित्र मांडलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरचंही काम मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो, आणि घरात आपला माणूस चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेब म्हणाले ते याच परिषदेत. ते का म्हणाले, हे या उदाहरणांवरून कळतं.

म्हणजे नोकरी जेव्हा ओळखीवर चालते, तेव्हा ती जातीवर चालते. कुणी मुद्दाम दुष्टपणा करायलाच हवा असं नाही. जॉबर म्हणेल, मी फक्त माझ्या माहितीतला भरवशाचा माणूस आणला. पण जातीच्या समाजात माणसाच्या माहितीत कोण असतं? ज्याच्या घरी जेवण होतं, ज्याच्याशी सोयरीक होते, जो शेजारी राहतो, तोच.

यावर उपाय म्हणून ज्या गोष्टी उभ्या राहिल्या त्यांतली एक एम्प्लॉयमेंट एक्सचेंज. 1945 मध्ये, युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी, केंद्र सरकारच्या श्रम खात्यानं ही यंत्रणा उभी करायला घेतली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य बाबासाहेब होते. पुढं ती सगळ्या बेरोजगारांसाठी खुली झाली, आणि 1959 च्या कायद्यानं रिकाम्या जागा तिथं कळवणं बंधनकारक झालं. नोंदणी क्रमांक, जाहिरात, लेखी परीक्षा, राखीव जागा. या सगळ्यात आपल्याला न ओळखणाऱ्या माणसासमोरही आपला कागद जातो. बाबांच्या पिशवीतलं कार्ड म्हणजे हेच आहे. जॉबरच्या हातातून सुटल्याचा तो कागद आहे. त्यांचा अभिमान शंभर टक्के बरोबर आहे.

मग अडचण कुठं आली? अडचण अशी की प्लांटमधल्या पक्क्या जागा कमी होत गेल्या आणि ठेक्याचं काम वाढलं. भिलाईवर अनेक वर्षं काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांचं 'क्लासेस ऑफ लेबर' हे पुस्तक 2020 मध्ये आलं. आपण बोलताना 'नौकरी' आणि 'काम' असे दोन वेगळे शब्द वापरतो ना, त्या फरकावर त्या पुस्तकाचा बराच भाग उभा आहे. प्लांटमधली पक्की ती नौकरी, ठेकेदाराकडचं ते काम. आमच्या आजोबा-बाबांच्या पिढीला नौकरी मिळाली. आमच्या पिढीसमोर एका बाजूला ठेकेदारी आहे आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या शहरातल्या खासगी कंपन्या. तिथं राखीव जागा नाहीत. आणि 1959 चा तो कायदा मोठ्या खासगी कंपन्यांना लागू होता तरी तो जागा कळवायला सांगायचा, एक्सचेंजमधूनच माणूस घ्या असं सांगत नव्हता.

आता कन्सल्टिंगकडे येऊ. कन्सल्टिंग म्हणजे सल्ला देण्याचं काम. कंपन्या, सरकारी खाती, मोठ्या देणगीदार संस्था बाहेरच्या लोकांना पैसे देऊन आपले प्रश्न सोडवून घेतात. मॅकिन्झी, बीसीजी, बेन ही नावं तुम्ही ऐकली असतील. डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी यांचेही सल्ला देणारे विभाग आहेत. शिवाय शिक्षण, आरोग्य, पोषण अशा विषयांवर काम करणाऱ्या लहान संस्था आहेत, आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य शिकलेल्यांना तिथं खरंच जागा असते. सर्वेक्षण करणं, आकडे वाचणं, लोकांशी बोलून प्रश्न समजून घेणं, हे आपल्याला येतं.

यातल्या मोठ्या कंपन्या नवीन माणसं प्रामुख्यानं ठरावीक कॅम्पसमधून घेतात: आयआयएम, जुन्या आयआयटी, दिल्लीतली काही कॉलेजं. दुर्गच्या सायन्स कॉलेजात किंवा आपल्या कल्याण कॉलेजात त्या येत नाहीत. आपल्याला बाहेरून, संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो. तिथं एका जागेसाठी ढीगभर अर्ज पडतात. पहिली चाळणी कधी सॉफ्टवेअर लावतं, कधी एचआरमधला एखादा माणूस काही सेकंदांत लावतो, आणि कॉलेजचं नाव पाहून लावतो.

रेफरल या टप्प्यावर येतं. कंपनीत काम करणारी व्यक्ती आतल्या पोर्टलवर तुमचं नाव, ईमेल, रेझ्युमे आणि जागेचा क्रमांक टाकते. तिला विचारलं जातं, तुम्ही या उमेदवाराला कसं ओळखता? काही ठिकाणी दोन ओळी लिहायच्या असतात. मग तुमचा अर्ज ढिगातून थोडा वर येतो आणि कुणीतरी तो वाचण्याची शक्यता वाढते. बस, इतकंच. पुढची परीक्षा, केस इंटरव्ह्यू, हिशेब, सगळं तुम्हालाच द्यावं लागतं. आणि ही काही चोरून करायची गोष्ट नाही. कंपनी स्वतः ही व्यवस्था चालवते, आणि अनेक कंपन्या रेफर केलेला माणूस लागला तर कर्मचाऱ्याला बक्षीस देतात.

म्हणून त्या मुलीला माझं पहिलं उत्तर हे: सोर्स लावणं म्हणजे लायकी नसताना, पैसे देऊन किंवा दबाव आणून, दुसऱ्याची जागा घेणं. रेफरल घेणं म्हणजे आपला अर्ज वाचला जाईल याची सोय करणं. पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात नाही.

पण दुसरं उत्तरही द्यायला हवं, कारण पहिलं अर्धंच आहे. रेफरलची व्यवस्था कायदेशीर असली तरी निष्पक्ष नाही. ज्यांच्या घरी, शेजारी, वर्गात, लग्नाच्या पंगतीत अशा कंपनीतली चार माणसं आहेत, त्यांना रेफरल मागावंही लागत नाही. जेवताना मामा म्हणतो, "अरे, तुझा रेझ्युमे पाठव." त्याला कुणी सोर्स म्हणत नाही. त्याला नेटवर्क म्हणतात. जॉबर गेला आणि पोर्टल आलं. पोर्टलमध्ये कुणाचं नाव टाकायचं, ते मात्र अजून ओळखीवरच ठरतं.

ही माझी चिडचिड आहे असं कुणी म्हणेल, म्हणून दोन अभ्यास सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2005 पासून खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखंच, नावं वेगळी: काही उच्चजातीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हा अभ्यास छापून आला. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या 25 एचआर व्यवस्थापकांशी बोलून पाहिलं. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि त्यांतले बहुतेक हेही म्हणाले की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी महत्त्वाची असते. वडील काय करतात, भावंडं काय करतात, कुठं वाढलात. जात विचारली नाही, पण सगळं विचारून झालं.

हे माझ्याही वाट्याला आलं. एम.ए. झाल्यावर घरात पैशाची गरज होती. सात महिन्यांत चाळीसेक अर्ज केले. उत्तरं आली ती यंत्रानं पाठवलेली, तीही सगळ्यांची नाही. रेफरल मागायला मी तयार नव्हते, बाबांचं कार्ड डोळ्यांसमोर होतं. शेवटी वर्गातली एक मैत्रीण सहज म्हणाली, "तू रेफरलशिवाय चाळीस अर्ज केलेस? आमच्यात कुणीच तसं करत नाही." तिचा हेतू वाईट नव्हता. तिला वाटलं, मला हे माहीतच असेल. पहिल्या पिढीचं आपलं नुकसान असं होतं. आपण नियम पाळत बसतो, आणि खेळायची रीत वेगळीच आहे हे आपल्याला कुणी सांगत नाही.

मग मी विद्यापीठातल्या एका सीनियरला लिहिलं. तिच्याशी माझं एका सेमिनारमध्ये दहा मिनिटं बोलणं झालं होतं, तेवढीच ओळख. तिनं दोन दिवसांत रेफर केलं आणि आठवड्याभरात मुलाखतीला बोलावणं आलं. शेवटच्या फेरीत मला वडिलांचा हुद्दा विचारला, मग घरी इंग्रजी बोलता का विचारलं. तिथं झालं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी, तेही रेफरलनंच, काम मिळालं. पीएचडीला येण्याआधी मी ते सव्वा वर्ष केलं.

त्या दहा मिनिटांच्या ओळखीबद्दल थोडं सांगते. आपण म्हणतो, आपलं कुणीच नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या सुमारास बोस्टनजवळच्या एका गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्यानं माहिती दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? दर सहा जणांत जेमतेम एक म्हणाला, नेहमी. बाकीच्यांना ती माहिती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण सोपं आहे. आपल्या जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. रिसालीत वाढलेल्या माझ्या दहा मैत्रिणींना मिळून कन्सल्टिंगमधलं एकही माणूस माहीत नव्हतं. सेमिनारमधल्या दहा मिनिटांच्या ओळखीला माहीत होतं.

आणि हे आपल्या इतिहासात नवीन नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांच्या नजरेत भरला. ते त्याचे नातेवाईक नव्हते, जातीचे नव्हते. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढं शिक्षण अडलं तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांना बोलावून प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शब्द केळुस्करांनी टाकला, उत्तरं भीमरावांनी दिली. लंडनला गेल्यावरही कोलंबियाच्या प्राध्यापक सेलिग्मन यांचं शिफारसपत्र बाबासाहेबांच्या पाठीशी होतं. तेव्हा शिफारस घेतली म्हणून माणूस लहान होतो, हे मनातून काढून टाका.

त्याच चरित्रातली दुसरी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बडोद्याहून परत आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. म्हणजे कन्सल्टिंगच! गिऱ्हाईकं येऊ लागली. सल्ला देणारा महार आहे हे कळल्यावर यायची बंद झाली. कोलंबियाचं शिक्षण तेच होतं, सल्ला तोच होता. शिफारस दारापर्यंत नेते. आतल्या माणसांच्या मनातली जात ती काढू शकत नाही.

आता काम कसं करायचं ते सांगते. लिहून घ्या.

एक, आधी जागा ठरवा, मग माणूस शोधा. "कुठंही काही असेल तर सांगा" असं लिहू नका. वाचणाऱ्याला काय करायचं तेच कळत नाही. जागेचं नाव, तिचा क्रमांक, शेवटची तारीख द्या.

दोन, अर्ज करण्याआधी रेफरल मागा. बऱ्याच कंपन्यांत एकदा तुम्ही स्वतः अर्ज केला की नंतर रेफरल जोडता येत नाही.

तीन, माणसं कुठं शोधायची? लिंक्डइनवर कंपनीचं नाव आणि तुमच्या विद्यापीठाचं नाव एकत्र टाका. शिष्यवृत्तीतले सोबती, वसतिगृहातले सीनियर, एखाद्या सर्वेक्षणात काम केलेल्या संस्थेतले लोक, पाहुणे म्हणून आलेले वक्ते. मोठ्या साहेबाला लिहू नका. दोन-चार वर्षं नोकरी झालेल्या माणसाला लिहा, त्याला स्वतःचा अर्ज अजून आठवत असतो.

चार, निरोप लहान असू द्या. साधारण असा: "नमस्कार. मी अमुक विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. तुमच्या कंपनीत अमुक जागा आहे, क्रमांक अमुक, शेवटची तारीख अमुक. याच्याशी जुळणारी माझी दोन कामं आहेत: एक, 300 घरांच्या सर्वेक्षणाची आखणी आणि आकडेवारी; दोन, अमुक विषयावरचा प्रबंध. रेझ्युमे जोडला आहे. तो पाहून योग्य वाटलं तर मला रेफर कराल का? तसं शक्य नसेल, तर तुमच्या टीमच्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलता येईल का?" आकडा तुमचा खरा असेल तोच लिहा. घरची परिस्थिती, गरिबी, आईचं आजारपण यात नको. तुम्ही मदत मागत नाही, तुमचं काम दाखवताय.

पाच, उत्तर आलं नाही तर आठवड्यानं एकदा आठवण करा. मग पुढच्या माणसाकडे वळा. नकार हा तुमच्यावरचा निकाल नाही. आणि जो रेफर करेल त्याला निकाल काय लागला ते नक्की कळवा.

सहा, रेफरल मिळालं म्हणून तयारी सोडू नका. केस इंटरव्ह्यूत एखाद्या धंद्याचा नफा का घटला, शहरात रोज किती दूध लागतं, असले प्रश्न येतात. मोठ्यानं बोलत, पायरीपायरीनं उत्तर काढावं लागतं. दोघी-दोघी मिळून सराव करा, रोज एक केस. आपल्याकडे इंग्रजीची भीती असते, पण तिथं मोकळ्या भाषेपेक्षा हिशेबाची मांडणी जास्त पाहिली जाते. ती सरावानं येते.

सात, जे पैसे मागतं ते रेफरल नाही. "पंधरा हजार द्या, आत लावून देतो" म्हणणारा ठग आहे. त्याला सोर्सही म्हणू नका.

आता माझी चूक.

त्या नोकरीत मला आठ महिने झाले होते. एके दिवशी कंपनीच्या ईमेलवर निरोप आला. पहिलंच वाक्य, "जय भीम ताई, मी रिसालीचा आहे." एका मुलानं रेफरल मागितलं होतं. रेझ्युमे चांगला होता, माझ्या त्या वेळच्या रेझ्युमेपेक्षा बरा. मी तो ईमेल उघडला आणि आधी मागं वळून पाहिलं, माझ्या पाठीमागून कुणी स्क्रीन वाचतंय का. त्या ऑफिसात माझी जात कुणाला माहीत नव्हती. मग पोर्टल उघडलं. तिथं तो प्रश्न होता: तुम्ही या उमेदवाराला कसं ओळखता? काय लिहू? आमच्या वस्तीचा? एकाच विहारात जातो? आणि हा मुलगा मुलाखतीत अडखळला तर लोक माझ्याकडेही त्याच नजरेनं पाहतील का? मी ती खिडकी बंद केली. त्याला उत्तर दिलं नाही. त्याच महिन्यात मी माझ्या वर्गमैत्रिणीच्या चुलतभावाला रेफर केलं. त्याला मी एकदाच भेटले होते. तिथं मला काहीच भीती वाटली नाही.

ज्या व्यवस्थेवर मी प्रबंध लिहितेय, ती त्या दिवशी माझ्याच बोटांनी चालली. जात लपवायची भीती मला त्या समाजानं दिली हे खरं. पण खिडकी मी बंद केली. पुढं दोन वर्षांनी मी त्या मुलाला शोधून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, मला वाटलं ईमेल पोचलाच नाही." आज तो दुसरीकडे चांगलं काम करतो. त्याला विचारूनच मी हे इथं सांगितलं.

म्हणून आत गेलेल्यांना आणि जाणार असलेल्यांना माझी विनंती आहे. आपल्याकडून रेफरल मागणारी मुलं येणारच. त्यांना उत्तर द्या. रेझ्युमे कच्चा असेल तर काय कमी आहे ते सांगा, नकारही द्या, पण गप्प राहू नका. "कसं ओळखता" या रकान्यात त्याचं काम लिहा: याचं सर्वेक्षणाचं काम मी पाहिलं आहे. ते लिहिता यावं म्हणून खरंच पंधरा मिनिटं काढून त्याचं काम पाहा. आणि मागणाऱ्यांनो, तुमचा जय भीम अभिमानाचा आहे, पण समोरच्यानं ऑफिसात आपली ओळख सांगितली आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं. कंपनीच्या ईमेलवर लिहू नका, त्याच्या खासगी खात्यावर लिहा. त्याची ओळख केव्हा सांगायची हे त्याला ठरवू द्या.

इथं एक वही सुरू करू या. रिसाली, मरोदा, भिलाई, दुर्ग इथून शिकून बाहेर गेलेलं कोण कोणत्या क्षेत्रात आहे आणि कोण महिन्याला एका मुलाशी बोलायला तयार आहे. ज्याची संमती असेल त्याचंच नाव. वही दोन जणींकडे राहील. त्यात फक्त आपल्याच जातीची नावं नकोत. सतनामी, आदिवासी, ओबीसी, मुस्लिम, घरातलं पहिलं पदवीधर असलेलं कुणीही. नाहीतर आपणही एक छोटा जॉबर तयार करू.

आणि या वहीला न्याय समजू नका. शंभर जणांना रेफरल मिळालं तरी ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही तो बाहेरच राहतो. त्याच्यासाठी उघडी जाहिरात, खुली परीक्षा, राखीव जागा आणि खासगी क्षेत्रातल्या प्रतिनिधित्वाची मागणी, हे सगळं लागणारच. रेफरल घेतलं म्हणून ती मागणी सोडायची नाही.

काल रात्री मी बाबांना हे भाषण वाचून दाखवलं. रेफरलचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझा कागद वाचला जावा म्हणून कुणीतरी नाव टाकलं, आणि परीक्षा तू दिलीस?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग त्या पोराचा कागद का नाही वाचू दिलास?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर तुमच्याकडे असावं, म्हणून आज हे बोलले.

प्रश्न विचारा. जय भीम.